स्वित्झर्लंड, पाच रात्री, चौघं: खाण्याचा खर्च दिवसाला दीडशे फ्रँकमध्ये बसेल का?

सह्यवाट:
नमस्कार. सप्टेंबरमध्ये झुरिच १ रात्र, ल्युसर्न १ आणि इंटरलाकेन ३ असा बेत पक्का झाला आहे. आम्ही दोघं, १५ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पत्नी आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मी आणि मुलगा सगळं खातो. तिन्ही हॉटेलांत न्याहारी धरलेली नाही, खोलीत किटली आहे. झुरिचला रविवारी दुपारी तीनला उतरतो.

फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून खाण्याचं बजेट जमतच नाहीये. चौघांचे मिळून दिवसाला १५० फ्रँक ठरवले आहेत. पण पाचही दिवस फक्त ब्रेड आणि चिप्सवर काढायचे नाहीत. रोज एक वेळ तरी टेबलावर बसून गरम जेवण हवं, सासूबाईंसाठी ते गरजेचंच आहे. हे बसेल का? बसत असेल तर नेमकं कसं?

पोळीभाजी:
बसेल. फक्त मोठं जेवण दुपारी घ्या. संध्याकाळी रेस्टॉरंटात बसायची सवय इथे सगळ्यात महागात पडते.

सोमवार ते शुक्रवार बहुतेक साध्या रेस्टॉरंटांत दुपारी 'टागेसमेन्यू' असतं. ऑफिसातली माणसं जेवायला येतात, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर दोन-तीनच पदार्थ मोठ्या प्रमाणात करतं, म्हणून स्वस्त पडतं. सूप किंवा सॅलड आणि मुख्य डिश मिळून साधारण १८ ते २५ फ्रँक. संध्याकाळी त्याच जागी एका मुख्य डिशलाच तीसच्या आसपास पडतात आणि सूप वेगळं. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. त्यात एक 'व्हेगी' पर्याय बहुधा असतोच.

इथे दोन शब्दांचा घोळ होतो. 'मेन्यू' म्हणजे ठरलेलं जेवण. पदार्थांची यादी हवी असेल तर ती 'श्पायझेकार्ट'. वेटरला नुसतं "मेन्यू" म्हणालात तर तो दिवसाचं जेवण धरून चालेल. फळ्यावर 'टागेसटेलर' असेल तर ती फक्त डिश, सूप-सॅलड त्यात नसू शकतं, तेवढं विचारून घ्या.

वेळ पाळा. गरम स्वयंपाकघर साधारण साडेअकरा ते दोन. पावणेदोनला पोचलात तर जे संपलंय ते संपलं, आणि दोननंतर सहापर्यंत बऱ्याच ठिकाणी फक्त थंड थाळी किंवा केक मिळतो. दारावर 'दुर्खगेहेंड वार्मे क्युखे' असं काही लिहिलं असेल तर दिवसभर गरम मिळतं, पण टागेसमेन्यू तिथेही दुपारपुरतंच. साडेबारा ही सगळ्यात गर्दीची वेळ. चौघांना एकत्र टेबल हवं तर अकरा चाळीसला पोचा.

आता हिशोब. न्याहारी सुपरमार्केटमधून: पाव, लोणी, चार दही, केळी, लिटरभर दूध, मिळून पंधरा-सोळा फ्रँक. दुपारचं जेवण सरासरी २२ धरून ८८. संध्याकाळी सुपरमार्केटचं तयार सॅलड, सूप, ब्रेड, चीज, फळं असं ३५ ते ४०. उरलेले सहा ते बारा फ्रँक म्हणजे एक-दोन कॉफ्या नाहीतर बेकरीतलं काहीतरी. दीडशेला टेकतं, पण बसतं.

हा हिशोब बहुतेक वेळा पेयांनी मोडतो. रेस्टॉरंटात अर्ध्या लिटरच्या बाटलीबंद पाण्याला पाच-सहा फ्रँक सहज लागतात. चौघांनी एकेक मागवलं तर एका माणसाचं जेवण गेलं. "हानेनवासर" म्हणजे नळाचं पाणी मागा. काही ठिकाणी फुकट देतात, काही ठिकाणी त्याचेही पैसे लावतात, म्हणून मागतानाच किंमत विचारा. बाहेर फिरताना पाणी विकत घेऊच नका. एकट्या झुरिच शहरात १,२०० हून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. जिथे नाही तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी लावतात. प्रत्येकाची एक बाटली सोबत ठेवा.

टिप बिलात धरलेली असते, १९७४ पासून तशी पद्धत आहे. कार्डाचं यंत्र दहा-पंधरा टक्क्यांचे पर्याय दाखवेल, ते बंधनकारक नाहीत. सेवा आवडली तर ८७ चे ९० करा, पुरे.

काटा_आणि_चमचा:
वरचं बरोबर आहे, पण रोज टागेसमेन्यू शोधत बसू नका. पंधरा वर्षांचा मुलगा आणि दोन शाकाहारी अशा कुटुंबाला सेल्फ-सर्व्हिस जास्त सोयीचं. डिश डोळ्यांसमोर दिसते, शिवाय जर्मन वाचावं लागत नाही.

तीन नावं लक्षात ठेवा: कोऑप रेस्टॉरंट, मिग्रोस रेस्टॉरंट आणि मानोरा. पहिली दोन त्या-त्या सुपरमार्केटची, मानोरा 'मानोर' या डिपार्टमेंट स्टोअरचं. तुमच्या वाटेवर: इंटरलाकेन ओस्ट स्टेशनसमोर कोऑप, इंटरलाकेन वेस्ट स्टेशनजवळ मिग्रोस, ल्युसर्नच्या जुन्या शहरात मानोर. झुरिचमध्ये बानहोफस्ट्रासवरचं मानोर २०२० मध्ये बंद झालं, जुनी प्रवासवर्णनं वाचून तिकडे जाऊ नका. गरम डिश साधारण १२ ते १८ फ्रँक. ही रेस्टॉरंटं दुकानाबरोबरच बंद होतात, म्हणून रात्रीच्या जेवणासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

काउंटरवर ताट भरण्याआधी एकच गोष्ट बघा: भाव वजनावर आहे की ताटाच्या आकारावर? लोक दोन्हीकडे एकाच पद्धतीने वाढून घेतात आणि मग गल्ल्यावर दचकतात.

वजनावर असेल तर पाटीवर '१०० ग्रॅमला अमुक' लिहिलेलं असतं. भात, उकडलेले बटाटे, रस्सा, बीट, कलिंगड, दह्यातलं कोशिंबिरीसारखं काही, हे सगळं जड. साधं भरलेलं ताट ४०० ते ५०० ग्रॅमवर सहज जातं. तिथे पानं, भाजलेल्या भाज्या, फलाफल, तळलेलं, चीज असं घ्या आणि पोट भरायला पाव बाजूला घ्या. ड्रेसिंग बेताने ओता, त्याचंही वजन होतं. भात आणि बटाटा वजनाच्या भावाने घेणं हा निव्वळ तोटा.

आकारावर असेल तर उलटं. लहान, मध्यम, मोठी अशी ताटं किंवा वाट्या असतात आणि त्यात कितीही भरा, भाव तोच. मग तळाला जड आणि ओलं: कडधान्यं, बटाटा, पास्ता. वर गाजर-काकडीचे तुकडे कडेने उभे लावायचे, म्हणजे वाटीची भिंत वाढते. पानं सगळ्यात शेवटी, ती फक्त जागा खातात. मोठी वाटी एकाला जास्तच होते. पण एका वाटीत दोघांनी खायला परवानगी आहे का ते काउंटरवर विचारा. रेस्टॉरंटात एका डिशमध्ये दोघं जेवणार असाल तर जास्तीच्या ताटाचे पैसे लावणारेही आहेत.

आणखी एक. गल्ल्यावर "हीर एसन ओडर मिटनेमेन?" असं विचारतील, म्हणजे इथे खाणार की नेणार. हा प्रश्न करामुळे येतो. बसून खाल्लं तर ८.१ टक्के व्हॅट, बांधून नेलं तर २.६ टक्के. काही ठिकाणी दोन्हीला किंमत एकच ठेवतात, काही ठिकाणी नेण्याचा भाव कमी असतो. सप्टेंबरमध्ये तळ्याकाठी बाक मिळतोच.

हिरवीपाती:
शाकाहाराबद्दल वर फारसं आलं नाही, आणि या प्रवासात फसगत होते ती इथेच. दोघीजणी अंडंही खात नाहीत म्हणून थोडं सविस्तर.

"व्हेजिटारिश" म्हटलं की तिथे अंडं आणि चीज धरलेलंच असतं. म्हणून रेस्टॉरंटात "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय" असं तिन्ही सांगा: मांस नको, मासे नकोत, अंडं नको. त्याहून सोपं म्हणजे 'व्हेगान' खूण असलेली डिश निवडायची. त्यात अंडं, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं), चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून काढलेलं), सगळ्याचाच प्रश्न मिटतो. दूध-दही चालत असेल तर ते नंतर वेगळं घ्या.

नावावरून साध्या वाटणाऱ्या डिश:
रोष्टी हा किसलेल्या बटाट्याचा पदार्थ, पण त्यात 'श्पेक' म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीदार मांसाचे तुकडे असू शकतात. "ओने श्पेक" सांगा. आल्प्लरमाग्रोनेन म्हणजे पास्ता-बटाटा-चीज, त्यातही श्पेक असतो. श्पेत्स्ली म्हणजे पास्त्यासारखे छोटे मऊ तुकडे, ते अंड्याशिवाय होत नाहीत. सूप आणि रिसोटो भाज्यांचे असले तरी आतला बुयाँ म्हणजे उकळून काढलेलं पाणी गोमांसाचं असू शकतं, 'गेम्युझे-बुयाँ' म्हणजे भाज्यांचं आहे का ते विचारा. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये कोरड्या पास्त्याच्या पुष्कळ पाकिटांतही असतं. पाकिटावर तीन अंड्यांचा उल्लेख अगदी अभिमानाने छापलेला दिसेल. नुसतं 'हार्टवाइत्सनग्रीस' म्हणजे कडक गव्हाचा रवा लिहिलेलं घ्या.

चीज हा त्या देशाचा अभिमान, पण पारंपरिक ग्रुयेर वासराच्या रेनेटने बनतं आणि पार्मेझानही तसंच. सासूबाईंना हे चालतं का, हे निघण्याआधी घरीच बोलून घ्या. तिथे ताटावर बसल्यावर विषय निघाला तर जेवण बिघडतं. चालत नसेल तर सुपरमार्केटमध्ये पिवळ्या-हिरव्या 'व्ही-लेबल' या शाकाहारी खुणेचं चीज शोधा, त्यात सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. दह्याच्या आणि मूसच्या कपावर 'गेलाटीने' हा शब्द बघा, साध्या 'नातूर' दह्यात तो नसतो. त्सोफ हा वेणीचा सुंदर पाव असतो, त्यावर अंड्याचा हात फिरवलेला असतो. रोजच्या वापराला 'रूखब्रोट' घ्या, तो स्वस्तही असतो.

वाचायला सोपं जावं म्हणून एक नियम सांगते. पाकीटबंद पदार्थांत ॲलर्जीचे घटक यादीत ठळक छापावे लागतात. अंडं आणि दूध त्यात मोडतात, म्हणून पूर्ण यादी न वाचता ठळक शब्दांवर नजर टाकली तरी अंडं सापडतं. जर्मनमध्ये 'आय', फ्रेंचमध्ये 'अफ', इटालियनमध्ये 'उओवो'. पण जिलेटिन आणि मांस या यादीत ठळक येत नाहीत, त्यासाठी पूर्ण वाचावंच लागतं. सुट्ट्या पदार्थांबद्दल कर्मचाऱ्याला विचारलं तर तो आत जाऊन माहिती आणतो, ते देणं त्याचं काम आहे, संकोच करू नका.

डोनर-कबाबच्या दुकानात फलाफल मिळतं आणि ते पोटभरीचं असतं. तळणीचं तेल मात्र चिकन नगेट्सचं तेच असण्याची शक्यता मोठी. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

सह्यवाट:
खूप मोलाची माहिती. रेनेटचं आधी डोक्यातच नव्हतं, घरी बोलतो. तीन प्रश्न राहिले. १) रविवारी झुरिचला उतरतोय, दुकानं बंद असतात म्हणे, पहिल्या रात्री काय करायचं? २) डोंगरावरच्या युंगफ्राउयोखला जायचा दिवस, वर काय खायचं? ३) इंटरलाकेनला तीन रात्री आहेत, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला तर स्वस्त पडेल का?

उंचावरून:
रविवारी शहरातली दुकानं बंद, हे खरं. पण मोठी स्टेशनं आणि विमानतळ याला अपवाद आहेत. झुरिच विमानतळावर आणि मुख्य स्टेशनच्या तळघरातल्या शॉपव्हिलमध्ये सुपरमार्केटं रविवारीही उघडी असतात. दुसऱ्या दिवशीची न्याहारी तिथूनच उचला. सोमवारी सकाळी शोधाशोध करावी लागणार नाही. गर्दी मात्र प्रचंड असते, कारण सगळं शहर तिथेच येतं. संध्याकाळी सहानंतर ताजा पाव आणि सॅलड संपत आलेलं असतं.

पहिल्या रात्री बसून जेवायचं असेल तर हिल्टल. झुरिचमधलं हे शाकाहारी रेस्टॉरंट १८९८ पासून चालू आहे आणि जगातलं सर्वात जुनं शाकाहारी रेस्टॉरंट म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. बुफे वजनावर, म्हणून वर 'काटा_आणि_चमचा' यांनी सांगितलेलं गणित इथेच कामाला येईल. भारतीय पद्धतीच्या भाज्याही असतात. चौघांचं बिल दीडशेच्या आत ठेवायचं तर ताटावर लक्ष हवं, विशेषतः मुलाच्या.

युंगफ्राउयोख: उंची ३,४५४ मीटर, सगळं सामान रेल्वेने वर न्यायचं, म्हणून किंमती खालच्यापेक्षा चढ्या. वर हंगामात दुपारचा भारतीय बुफेही असतो, पण तो मोठ्या सहल-गटांनी भरून जातो. बजेट सांभाळायचं तर सकाळी ओस्ट स्टेशनसमोरच्या कोऑपमधून दुपारचं खाणं बरोबर घ्या. गाडीत आपल्या जागेवर बसून खायला काहीच हरकत नसते. येताना गाडीत खा, म्हणजे वर बसायला जागा शोधावी लागत नाही.

काय न्यायचं हेही महत्त्वाचं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे चिप्सचं पाकीट फुग्यासारखं होतं आणि दह्याच्या कपाचं झाकण फुगून उघडताना उडतं. दही न्यायचंच तर टिश्यू धरून एका कोपऱ्यातून हळू सोला. त्यापेक्षा पाव, चीज, टोमॅटो, सफरचंद, सुका मेवा बरा. इतक्या उंचीवर एकदम भरपेट जेवू नये, थोडंथोडं खावं आणि पाणी जास्त प्यावं. सासूबाईंच्या बाबतीत हे जरूर पाळा.

लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्यूरेन, ग्रिंडेलवाल्ड या सगळ्या गावांत छोटी कोऑप दुकानं आहेत, पण ती लवकर मिटतात. शनिवारी तर बऱ्याच शहरांतली दुकानंही संध्याकाळी पाच-सहालाच बंद होऊ लागतात. शेवटच्या गाडीने खाली येऊन मग खरेदी करू म्हणालात तर फक्त रेस्टॉरंट उरतं, नाहीतर उपास.

फ्लॅटबद्दल: तीन रात्रींसाठी मी घेणार नाही. भाड्याच्या आकड्यावर 'एंडरायनिगुंग' म्हणजे शेवटची साफसफाई वेगळी लावतात. ती एकरकमी असते, सात रात्रींत विभागली जाते तेव्हा परवडते, तीन रात्रींत जड जाते. शिवाय तेल-मीठ-तांदूळ सगळं विकत घ्यायचं आणि अर्धं टाकून यायचं. कचराही बहुतेक गावांत कर भरलेल्या ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो. हॉटेलपेक्षा फ्लॅटचं एकूण भाडं साफसफाई धरूनही कमी येत असेल तरच विचार करा. स्वयंपाकासाठी म्हणून नको.

काटा_आणि_चमचा:
फ्लॅटबाबत पूर्ण सहमत नाही. दोघी रोज भात खाणाऱ्या असतील तर भाताचं मोल फ्रँकमध्ये मोजता येत नाही. पण किटली आहे ना, मग मधला मार्ग आहे: झाकणाच्या थर्मास डब्यात कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे. कुसकुस आणि उकळतं पाणी समप्रमाणात, मीठ, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, काट्याने मोकळं करायचं. दोघींना दोनशे ग्रॅम पुरतं. त्यावर सुपरमार्केटचं डब्यातले शिजवलेले चणे किंवा राजमा धुऊन घालायचा. डाळ-तांदूळ मात्र किटलीत शिजवू नका, तळाला जळून किटली खराब होते आणि हॉटेल भरपाई घेतं.

संध्याकाळी दुकान मिटायच्या तास-दीड तास आधी ताज्या मालावर २५ आणि ५० टक्क्यांचे चिकट कागद लावतात. सॅलड, सँडविच, कापलेली फळं, पाव. फ्रीजच्या मुख्य रांगेत नसेल तर कोपऱ्यातल्या वेगळ्या फळीवर बघा. 'मिग्रोस'मध्ये 'एम-बजेट' आणि 'कोऑप'मध्ये 'प्रिक्स गारांटी' ही घरची स्वस्त मालिका, साध्या वस्तूंना बिनधास्त घ्या. 'टू गुड टू गो' ॲपवर उरलेल्या खाण्याची पिशवी स्वस्तात मिळते, पण आत काय येईल ते ठरलेलं नसतं. तुमच्या दोघींसाठी ते कामाचं नाही, मुलासाठी बेकरीची पिशवी घ्यायला हरकत नाही.

हिरवीपाती:
घरून नेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. भारतातून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत: पेढे, बर्फी, पनीर, तूप सगळं वगळा. ताज्या भाज्या, फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही २०२० पासून प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कोरडं पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, चटण्या, तेलात केलेला कोरडा फराळ असं न्या.

प्लगचंही बघा. तिथलं सॉकेट षट्कोनी खोलगट आणि तीन पिनांचं. आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक पिना बसतात, पण किटलीचा तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. जाड गोल पिनांचा नेहमीचा युरोपीय अडॅप्टरही आत जात नाही. स्वित्झर्लंडचा वेगळा अडॅप्टर इथूनच घ्या.

पोळीभाजी:
पैसे देताना एक सांभाळा. यंत्रावर "रुपयांत देता की फ्रँकमध्ये?" असं आलं की कायम फ्रँक. रुपये निवडलेत तर भाव यंत्रवाला ठरवतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो. युरोच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि भावही त्यांचाच.

फाँड्यूचा, म्हणजे भांड्यात वितळवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा विषय मुलगा काढणारच, म्हणून आधीच सांगते. त्यात चीजबरोबर पांढरी वाइन आणि बहुधा किर्श ही चेरीची दारू असते, आणि चीज रेनेटचं. दोघींसाठी ते नाहीच. बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच देतात, माणशी साधारण २५ ते ३२ फ्रँक. तुम्ही आणि मुलगा मिळून एक भांडं मागवा. दोघींसाठी त्याच टेबलावर "ओने श्पेक, ओने आय" रोष्टी आणि सॅलड. आदल्या दिवशी दुपारी कोऑपच्या सेल्फ-सर्व्हिसमध्ये जेवलात तर त्यातून वीस-पंचवीस फ्रँक सुटतात, ते इकडे लावा.